घरमालकीणबाईंचं माहेर

आमच्या घरमालकीणबाईंइतकं हट्टी माणूस अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर शोधून सापडलं नसतं, आणि सापडलंच असतं तर ते त्यांच्याच नात्यातलं निघालं असतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी साताऱ्याहून रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला बॉस्टनला गेले आणि जवळच्या वॉल्थम गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. माझ्याबरोबर मुंबईची सुनंदा होती, कॉम्प्युटर शिकणारी. बाई तेव्हा सत्तरीच्या, विधवा, उंच आणि हाडापेराने मजबूत. एकोणिसाव्या वर्षी कॅनडातल्या केप ब्रेटन नावाच्या बेटावरून त्या बॉस्टनला घरकामाला आल्या, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. तरी त्यांच्या तोंडी 'घरी' म्हणजे बेटावर. वॉल्थमचं घर हे नुसतं 'इथे'. रोज सकाळी एका घरघरत्या रेडिओला कान लावून त्या बेटावरचं हवामान ऐकत आणि त्याप्रमाणे कपडे घालत. वॉल्थममध्ये जून महिन्याचं कडक ऊन पडलेलं असताना बाई रेनकोट घालून भाजी आणायला निघालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. "अहो, आकाश निरभ्र आहे," असं म्हटलं की उत्तर यायचं, "इथे असेल. घरी धो धो कोसळतोय."

त्यांची मातृभाषा गेलिक. स्कॉटलंडमधून दोनशे वर्षांपूर्वी निघालेली माणसं ती बेटावर घेऊन आली आणि तिथल्या डोंगरांच्या कुशीत ती टिकली. वॉल्थममध्ये मात्र ती भाषा समजणारा जीव एकच होता, तो म्हणजे बाईंची मांजरी. ती मांजरी इंग्रजी हाकेला ढिम्म हलत नसे. सुनंदाने तिला दुधाची वाटी दाखवून "कम, कम" केलं तर तोंड फिरवून बसे, आणि बाईंनी आतून नुसता 'ख' घशात घोळवला तरी धावत सुटे. बाईंचं म्हणणं असं, की इंग्रजी ही हिशेबाची आणि पोलिसांची भाषा आहे, त्यात प्रेमाने बोलवलं तरी कुणी का यावं?

आमचं त्यांच्याशी जमलं ते चहामुळे. पिशवी पाण्यात बुचकळून काढणाऱ्या अमेरिकन लोकांबद्दल त्यांना मनापासून कीव होती. त्या पातेल्यात पाणी, पत्ती घालून चुलीवर खळाखळा उकळत. पहिल्यांदा तो काळाभोर चहा पाहून सुनंदा मला म्हणाली, "यार, ही तर आपलीच बाई आहे!" दुसरं कारण वंशावळ. नवीन माणूस भेटलं की बाईंचा पहिला प्रश्न, "तुझे वडील कोण?" मग त्यांचे वडील, मग त्यांचे. त्यांच्या बेटावर माणसाची ओळख अशीच पटते म्हणे. मी चार पिढ्यांवर अडकले तेव्हा त्यांनी माझ्याकडे अनाथ मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. मी मुकाट्याने साताऱ्याला पत्र टाकलं. बाबांना आयुष्यात कुणी इतका सुंदर प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी उलट टपाली नऊ पिढ्या पाठवल्या. त्या दिवसापासून बाई पोस्टमनला, दूधवाल्याला, चर्चच्या पाद्र्याला माझी ओळख करून देताना अनंत, गोविंद, विठ्ठल, रामजी अशी ओळीने नावं घेत, आणि ते गृहस्थ टोपी हातात धरून माझ्या खापरपणजोबांपर्यंत ताटकळत.

या सगळ्या बोलण्यात एक नाव मात्र कधी येत नसे. बेटावर त्यांचा धाकटा भाऊ होता, वडिलांच्या घरात राहणारा, मेंढ्या पाळणारा. त्याच्याशी त्या बावीस वर्षं बोलल्या नव्हत्या. आई गेली तेव्हा कडक हिवाळा होता, रस्ते बंद होते. भावाने दफन उरकल्यावर पत्र पाठवलं. ते उशिरा आलं याचा बाईंना राग नव्हता. राग वेगळाच होता. "इंग्रजीत लिहिलं होतं," त्या मला म्हणाल्या. "'कळविण्यास खेद होतो' म्हणे! आई गेल्याचं कुणी असं परक्या भाषेत कळवतं?" त्यानंतर दर नाताळला भावाचं पत्र येई आणि न उघडता ड्रॉवरमध्ये जाई.

ऑगस्टमध्ये एका रविवारी फोन आला. दर रविवारी येई तोच, बाईंच्या बालमैत्रिणीचा. ही मैत्रीण मिगमॉ होती, म्हणजे स्कॉटिश, फ्रेंच कुणीही येण्याच्या कित्येक शतकं आधीपासून त्या बेटावर राहणाऱ्या लोकांपैकी. त्या दिवशी बाईंनी फोन ठेवला आणि उकळता चहा उतू जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मैत्रिणीने एवढंच सांगितलं होतं : तुझ्या भावाचे कान चाललेत. काही ऐकवायचं असेल तर हिवाळ्याच्या आत ये.

बाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ड्राइव्ह करायला बंदी होती. सुनंदाकडे लायसन्स होतं. "माझा प्रोजेक्ट सबमिट व्हायचाय गं," ती आधी कुरकुरली, मग म्हणाली, "जाऊ दे, पोस्टपोन करते." आम्ही कॅनडाचा व्हिसा काढला आणि तिघी निघालो. बाईंची गाडी लांबीला आमच्या साताऱ्याच्या ओसरीएवढी. दोन दिवसांच्या प्रवासात बाई मागून सारख्या ओरडत होत्या, "जोरात चालव! म्हातारी मी आहे, गाडी नाही!"

पण समुद्रात भराव घालून बांधलेला रस्ता ओलांडून बेटावर पाय ठेवला, आणि बाईंची घाईच संपली. भावाचं गाव डावीकडे होतं. बाई म्हणाल्या, "उजवीकडे घे. आधी मैत्रिणीला भेटायला नको?"

मैत्रीण सरोवराकाठच्या मिगमॉ वस्तीत राहत होती. ओट्यावर बसून ॲश नावाच्या झाडाच्या पातळ लाकडी पट्ट्यांची टोपली विणत होती, आणि आम्हाला पाहून तिने हात थांबवला नाही, नुसतं पायाने खुर्ची पुढे सरकवली. तव्यावरून उतरवलेली जाड, गोल भाकरी तिने आम्हाला लोणी लावून दिली. आजूबाजूची नातवंडं तिच्याशी मिगमॉत बोलत होती. मला ते ऐकताना गंमत वाटली, तर बाई हळूच म्हणाल्या, "गंमत नाही ही. हिला लहानपणी लांबच्या शाळेत नेऊन ठेवलं होतं. आपल्या भाषेत बोललं की मार. आम्हालाही आमच्या शाळेत गेलिकबद्दल छड्या बसायच्या, पण आम्ही निदान संध्याकाळी घरी यायचो." मैत्रिणीने पट्टी ओढून घट्ट केली आणि म्हणाली, "परत आले तेव्हा आई बोलायची ते मला कळेना. मग तिच्याजवळ बसून टोपल्या विणल्या. एकेक शब्द परत मिळवला." मग बाईंकडे बघून, "भावाला भेटलीस?"

"उद्या," बाई म्हणाल्या.

तो 'उद्या' उजाडला तेव्हा आम्ही बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अकेडियन लोकांच्या कोळीवाड्यात होतो. हे जुने फ्रेंच वसाहतवाले. बाईंचे यजमान इथले, त्यामुळे इथे बाईंची नणंद होती. ती लाकडी चौकटीवर तागाचं कापड ताणून, आकड्याने लोकरीचे टाके वर ओढत गालिचा भरत होती. एकीकडे तोंडाने फ्रेंचमध्ये शेजारणीला रागावत होती, दुसरीकडे इंग्रजीत आम्हाला कोंबडीचा रस्सा वाढत होती. गालिच्यावर एक बोट होती आणि बोटीवरच्या माणसाचं नाक अगदी आपल्या भावाचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं, काढलंय, असं तिने बाईंना अभिमानाने दाखवलं. बाईंनी चष्मा लावून ते नाक पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "मोठं झालंय," म्हणाल्या. नणंद म्हणाली, "होतंच मोठं. आणि विषय बदलू नकोस. तुझ्या भावाकडे गेलीस का?"

यावर बाई उठून बाहेर गाडीत जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. एवढ्या उंच बाई मागच्या सीटवर एकदम लहान दिसत होत्या.

"आजी," मी म्हटलं. आम्ही त्यांना तसंच म्हणायचो. "एवढा राग आहे का अजून?"

"राग कसला?" त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाली. नवऱ्याशी इंग्रजीत बोलले, मैत्रिणीशी इंग्रजीत. माझं गेलिक आता मांजरीपुरतं उरलंय. त्याच्यासमोर तोंड उघडलं आणि इंग्रजीच बाहेर पडलं तर? मग त्याला कुठल्या तोंडाने विचारू?"

सुनंदा येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तिने आरशात बाईंकडे पाहिलं आणि न विचारता गाडी दक्षिणेला वळवली.

भावाच्या घराला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, सगळे गावच्या हॉलमध्ये आहेत, कापड कुटायला. हातमागावर विणलेलं लोकरीचं जाड कापड भिजवायचं, लांब टेबलाभोवती दहा-बाराजणांनी बसायचं आणि तालात टेबलावर आपटत ते घट्ट करायचं. ताल राहावा म्हणून गाणी. एकाने कडवं म्हणायचं, सगळ्यांनी धृपद उचलायचं. कापड आता कुणाला नको असतं, पण गाण्यांसाठी अजूनही कुटतात. आम्ही आत गेलो. टेबलाच्या टोकाला एक पांढऱ्या केसांचा माणूस बसला होता. चेहरा थेट बाईंचा, मी लगेच ओळखलं.

त्याने मान वर केली. बहिणीला पाहिलं. हातातलं कापड न सोडता तो बाकावर एक माणूसभर सरकला, आणि बाई त्या जागेत जाऊन बसल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. आम्हालाही कुणीतरी टेबलाशी बसवलं. पाहुण्यांनीही गायलाच हवं, असा तिथला नियम. सुनंदा कुजबुजली, "मला नुसतं फिल्मी येतं, तू गा." मी साताऱ्याच्या माझ्या आजीच्या जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. चोवीस ओल्या हातांनी त्या ओव्यांचा ताल असा बरोबर पकडला, की दोनाच्या चार झाल्या.

मग भावाने गाणं उचललं. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, ते चटकन कळत होतं. पण ताल तो टेबलातून, तळहातांनी ऐकत होता. धृपद आलं आणि सगळ्यांबरोबर बाईंचे ओठ हलले. पुढच्या धृपदाला आवाज आला. तिसऱ्या कडव्याला भाऊ अडखळला, शब्द विसरला, आणि बाईंनी ते कडवं म्हटलं. पूर्ण. न चाचपडता. त्यानंतर सहा कडवी म्हटली, भावाच्या हाताशेजारी हात आपटत.

गाणं संपलं. बाई त्याच्याकडे वळल्या आणि गेलिकमध्ये एक वाक्य बोलल्या. भावाने कानामागे हात धरला. त्या पुन्हा बोलल्या, मोठ्याने. ऐकू येत नाही म्हणून त्याने मान हलवली. तिसऱ्यांदा त्या इतक्या जोरात ओरडल्या की हॉलमधलं एक लहान मूल रडायला लागलं. बावीस वर्षं जपून ठेवलेलं भांडण असं अख्ख्या गावासमोर तीनदा ओरडून सांगावं लागल्यावर बाईंना स्वतःलाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"काय म्हणाल्या?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"विचारतेय, आई गेल्याचं मला इंग्रजीत का कळवलंस?"

भाऊ सावकाश उत्तर देत होता. शेजारीण सांगत गेली : "तो म्हणतो, मास्तरांनी आपल्याला दुसऱ्या कशात लिहायला शिकवलं होतं का? तुला येतं? मला नाही येत. मी थांबलो होतो, तू आलीस की तोंडी सांगेन म्हणून."

बाईंनी ओल्या हाताने त्याचा कान पकडला. चांगला पिरगाळला, आणि मग सोडलाच नाही, धरूनच बसल्या.

दोन दिवसांनी आम्हाला परतायचं होतं. बाई येणार नव्हत्या. "गाडी न्या, घर सांभाळा, मांजरीला पुढच्या फेरीत धाडा," एवढ्यावर त्यांनी पन्नास वर्षांचं बॉस्टन आवरलं. मांजरी मैत्रिणीच्या, कामासाठी बॉस्टनला ये-जा करणाऱ्या मुलाबरोबर गेली. पुढे घर विकलं गेलं, सुनंदा अमेरिकेच्या पार पश्चिमेला बेलव्ह्यूला आणि मी ॲरिझोनात चँडलरला नोकरीला लागलो. आमच्या घरमालकीणबाईंना मी पुन्हा पाहिलं नाही.

निघताना आम्ही निरोप घ्यायला कुरणात गेलो. दोघं भाऊ-बहीण कुंपणाशी गवतात बसले होते, आमच्याकडे पाठ करून. भाऊ आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत असावा, कारण बाई मधूनमधून त्याच्या कानाशी तोंड नेऊन काही विचारत आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे. सुनंदा म्हणाली, "अगं, बाय तरी म्हणूया ना?"

"नको," मी म्हटलं. "चाललंय ते चालू दे."

टेकडीच्या वळणावर तिने आपणहून गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि काचा खाली केल्या. भावाला ऐकू जावं म्हणून बाई मोठ्याने बोलत होत्या, त्यामुळे त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता. आम्हाला एक शब्दही कळत नव्हता. आम्ही तशाच बसून राहिलो. मग वारा समुद्राकडे फिरला आणि आवाज येईनासा झाला.