चारशे बारा पावलं

बुधवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. दूध पावणेसात लिटर, फॅट सहा पॉइंट आठ. हजर : मी, मापाला थांबलेल्या चार बायका, किटली घेऊन आलेली सासू, आणि रस्त्यात दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिलेली सून. तिची पावणेदोन वर्षांची मुलगी माझ्या कडेवर होती. नाक वाहत होतं, तोंड रडून लाल.

"भाऊ," सून म्हणाली, "जितनं उचलली, तितं ठेवा."

मी पोरीला ओढ्यावरच्या मोरीवरून उचललं होतं. मोरी डेअरीपासून शहाण्णव पावलं. मी परत गेलो आणि ठेवली. चारही बायका माझ्याकडे बघत होत्या. मशीनवर कुणाचं तरी दूध तसंच राहिलं होतं.

मार्गासनीहून गुंजवण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. तिथल्या दूध डेअरीचा मी सेक्रेटरी, एकवीस वर्षं. माणसं मला त्यांच्या दुधावरून कळतात, असं आमच्या घरी म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. या सुनेच्या दुधाला कधी पाणी लागलं नाही. वेळ चुकली नाही. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात किटली, अशी ती रोज यायची. गावात तिला सगळे 'आरूची आई' म्हणत. मीही तेच म्हणतो.

मग दुसऱ्यांदा दिवस राहिले. पाचवा महिना सरताना सोनोग्राफीत बाळाची वार खाली सरकलेली दिसली. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चालायला हरकत नाही, पण वजन उचलायचं नाही. हंडा नाही, वैरणीचा भारा नाही, आणि मुलगी तर अजिबात नाही. अंगणवाडीच्या काट्यावर आरूचं वजन दहा किलो दोनशे भरलं होतं. आरूला चालता येत होतं. तिला चालायचं नव्हतं, एवढंच.

घरात माणसं मोजकी. नवरा शिरवळच्या कंपनीत पाळीवर. सासूचे गुडघे गेलेले. त्या किटली उचलतील तर नात नाही, नात उचलतील तर किटली नाही. त्यांनी सरळ हिशेब मांडला. पोरीला आजोळी धाडायची, बाळंतपण झालं की आणायची. घरोघर असंच करतात. मला विचारलं तेव्हा मीही म्हणालो, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी स्लिप निघेपर्यंत ती मशीनपाशी उभी होती.

"भाऊ, तुमी बी व्हय म्हनालात म्हनं."

"अगं, चार महिन्यांचा प्रश्न."

"मला बी चारच महिन्यांसाटी धाडली हुती. धाकटा भाऊ व्हायचा हुता तवा. पानशेतच्या वरल्या अंगाला आमचं गाव, आजोळ तितनं लई लांब. चौथीची परीक्षा म्या आजोळीच दिली."

"कुणी आणायला आलं नाही?"

"येत हुते की. दर दिवाळीला येत. कवा पेरणी निघायची, कवा त्याचं दुखनं. मामी म्हनायची, ऱ्हाऊ द्या, रमलीय. आन् रमलेच हुते म्या. घरी आले तवा आईला आक्का म्हनायची. आजोळी समदे तिला आक्काच म्हनत ना. अजून बी फोनवर आक्काच येतं तोंडात." ती हसली. "वाईट कुनीच नव्हतं, भाऊ. म्हनून तर भ्या वाटतं."

मी स्लिप फाडून दिली. 

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मीही सांगतो. सुनेचा हट्ट बघून त्यांनी डेअरीच्या ओट्यावर, चारचौघांत बोली केली, म्हणजे कुणाला मागं फिरायला नको. "भातं निगूस्तवर बगू. घरनं डेअरीपातुर आन् परत घरापातुर, पोरगी आपल्या पायानं चालली पायजे. कुनाच्या कडंवर न्हाई. एक दिस जरी समदी चालली तरी ऱ्हाईल. न्हाई तर मामाला बोलवीन."

"चालंल," ती म्हणाली.

त्याच सकाळपासून तिचे हात पाठीमागं गेले. पुढं सासू किटली घेऊन, मध्ये आरू, मागं ही, हाताची बोटं पाठीवर एकमेकांत अडकवलेली. आरूने हात वर केले की ही खाली बसायची. रस्त्यावर, मातीत, जिथं असेल तिथं. "कडंवर न्हाई. मांडी हाय. बस." आरू मांडीवर बसायची, जराशाने गप्प व्हायची. मग ही एक हात गुडघ्यावर, एक जमिनीवर टेकून उठायची. पहिल्या दिवशी अकरा वेळा बसली नि उठली. पोट घेऊन अकरा वेळा. वाचणाऱ्याने एकदा करून बघावं.

तिच्या दारापासून डेअरीपर्यंत माझी चारशे बारा पावलं भरतात. वाटेत आधी हापसा, मग उंबर, मग मोरी. मांडी चालायची; पण आरू तिथून उठेचना झाली, की कुणीतरी तिला कडेवर घरी न्यायचं आणि तो दिवस बाद. अशी ती कुठं अडली, ते मी रजिस्टरच्या कडेला, तिच्या खात्यासमोर, पेन्सिलीने लिहू लागलो. हापसा. हापसा. उंबर. हापसा. याचा मला अधिकार काय, असं कुणीही विचारलं असतं. विचारलंच एकाने. शीतकरण केंद्राचे सुपरवायझर तपासणीला आले, बोट ठेवून म्हणाले, "हे 'मोरी' काय? भेसळ सापडली का?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कडेच्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग म्हणाले, "उंबरापासनं मोरी किती लांब?"

खरी अडचण आरूची नव्हतीच, आमची होती. आमच्या रस्त्यावर हात वर केलेलं लेकरू फार वेळ जमिनीवर राहत नाही. कुणी ना कुणी उचलतंच. मास्तरांनी उचललं, चक्कीवाल्याने उचललं, पहिल्या बुधवारी मी. सगळ्यांना तेच एक वाक्य ऐकायला मिळालं. एकदा पुण्याच्या एका ट्रेकरने पाठीवरच्या भल्यामोठ्या सॅकसकट तिला उचललं आणि कौतुकाने आईकडे दिलं. आई हातच पुढं करेना. तो गोंधळला. मग समजल्यावर बिचारा चाळीस पावलं मागं जाऊन ठेवून आला आणि राजगडाच्या वाटेला लागला.

ओट्यावरची एक म्हातारी एकदा बोललीच, "काळीज हाय का दगुड गं तुझं?"

"रडू द्या, आज्जी. हितं रडली तर मी दिसते तरी तिला."

मी घरी हे सांगितलं, तेव्हा आमची ही म्हणाली, "आपली पोरं कधी चालायला लागली, आठवतंय का?" मी विचार करू लागलो. "नका आठवू. तुम्ही मापावर होता."

तिसऱ्या आठवड्यात आरू डेअरीपर्यंत आली. पण नुसती येताना; परत जाताना उंबराखाली बसली. मग ताप आला आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा हापशावर. ती कुणावर चिडली नाही. एवढंच म्हणाली, "हापसा म्हायती झालाय तिला. आता पुडं."

आणि मग एका सकाळी वळणावर विटांचा टेम्पो जोरात आला. आरू रस्त्याच्या मधोमध. आईचे हात आपोआप सुटले. पोरीला उचलून ती बाजूला झाली, टेम्पो निघून गेला, आणि तिने आरूला खाली ठेवलं, बरोबर जिथून उचलली होती तिथं. दुपारी अंगावर रक्त दिसलं. नवऱ्याने भोरला नेलं. बाळ ठीक होतं. चार दिवस आडवं राहायला सांगितलं.

सासूबाईंनी त्याच दिवशी मामाला फोन केला. "बास झालं. तुला काय झालं म्हंजी? दोन्ही पोरं कुनाच्या जिवावर?" रविवारी येऊन घेऊन जा, असं त्यांनी त्याला सांगितलं.

ती अंथरुणातूनच म्हणाली, "आत्या, वरलं खाचर उबं हाय अजून. भातं निगाल्याली न्हाईत."

बोली होती ती होती. सासूबाईंनी रविवारची सकाळ दिली.

इथं एक सांगून टाकतो. बाळंतपण नीट झालं. संक्रांतीनंतर, भोरला, मुलगा, दोन किलो सातशे. पुढं ते सगळे शिरवळला राहायला गेले, म्हैस विकली, डेअरीतलं खातं बंद झालं. आता सकाळी पावणेसातला मापापाशी तेवढी जागा मोकळी असते. पण बाळंतपणाची काळजी डॉक्टरांची होती. तिची काळजी दुसरी होती, आणि ती त्या रविवारी ठरायची होती.

मामा साडेसहालाच मोटारसायकल घेऊन डेअरीपाशी थांबला. पंचविशीच्या आतबाहेरचा, सरळ पोरगा. ज्याच्या जन्माच्या वेळी तिला धाडलं, तो हाच. त्याला बोलीचं काही माहीत नव्हतं. भाचीला न्यायला ये म्हटलं, तो आला.

हापसा झाला. उंबर झाला. मोरीवर आरू थांबली आणि हात वर केले. ही खाली बसली, फार हळू. आरू मांडीत शिरली. मापाला उभ्या बायका वळून बघायला लागल्या.

मामाने लांबून ते पाहिलं आणि आपल्या परीने मदत केली. हॉर्न वाजवला. "आरूऽ! गाडीवर बसायचं का? ये!"

आरू मांडीतून उठली आणि पळत सुटली. शहाण्णव पावलं, एकदाही न थांबता, एकदाही मागं न बघता. मामाने तिला टाकीवर बसवलं. ती हँडल धरून खिदळायला लागली.

आई मोरीपाशी बसूनच होती. तिला पटकन उठता येत नव्हतं. हात मांडीवर नुसते पडले होते.

"ताई का उटत न्हाई?" मामाने मला विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. पावलं, दिवस, हापसा, टेम्पो, सगळं. तो ऐकत राहिला. मग सासूबाईंकडे वळला.

"मावशी, ताई घरी आली तवा म्या पयलीत हुतो. चार दिस झाले तरी जाईना, म्हनून म्या आईला इचारलं, ही पावनी कवा जानार?" त्याने आरूला टाकीवरून उतरवून खाली ठेवलं. "परत जायाचं ऱ्हायलंय न्हवं? चल गं."

त्याने गाडी बंद ठेवूनच ढकलायला सुरुवात केली. आरूने मागच्या सीटची कडी धरली. आई मोरीपाशी उठून उभी राहिली आणि मागून चालू लागली. सासूबाई रिकामी किटली घेऊन तिच्याही मागं. माप तसंच टाकून मीही निघालो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. 

उंबरापाशी आरूने कडी सोडली आणि खाली बसली. मामा थांबला. आई थांबली. आरूने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं, कुणी हात पुढं करेना हे पाहिलं, आणि स्वतःची स्वतः उठली. हापशापाशी पाणी प्याली. दारात शेवटच्या पायरीवर दोन्ही हात टेकून चढली.

सासूबाईंनी किटली ओट्यावर ठेवली. "चालली," त्या म्हणाल्या. "बगितलं म्या."

मग आत गेल्या. बराच वेळ आतून पायलीने धान्य मापल्याचा आवाज येत होता. मामा म्हणाला, निघतो. त्या आतूनच ओरडल्या, "गाडी रिकामी न्यायची न्हाई. थांब."

पोतं मागच्या सीटवर आडवं टाकलं, दोरीचे तीन वेढे दिले. दोरीचं टोक आरूच्या आईने धरलं होतं, आणि ती ते सोडेपर्यंत मामाने गाडी चालू केली नाही. आरू तोवर उंबऱ्यातच झोपली होती.

सहा पायली नवे इंद्रायणी तांदूळ. देणार सासूबाई, घेणार मामा.