बीटावाला श्रावण

पांढुर्ण्यात श्रावण गजभियेला लोक ‘बीटावाला’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नाही. व्हिडिओची हवा नवी नवी होती तेव्हा यानं नागपूरहून मशीन आणली ती बीटाची. कॅसेट लहान, मशीनचं तोंड लहान, पण चित्र असं साफ की नवरीच्या नथीतले मोती मोजून घ्या. पुढे गावोगाव व्हीएचएस आली. तिची कॅसेट मोठी, चित्र जरा मळकट, पण एका कॅसेटवर अख्खा सिनेमा मावायचा आणि भाड्यानं कुठंही मिळायची. सगळे तिकडे वळले. शहाणा असता तर हाही वळला असता. पण नाही. म्हणायचा, “चांगली चीज सोडून मी वाईट काऊन घेऊ?” आता आडमुठेपणाला कुठल्या डॉक्टरकडे औषध आहे?

त्याची बायको चंद्रकला एकदा म्हणाली, “तुमची मशीन चांगलीच हाय जी. पण तिच्यात टाकाले गावात काई मिळते का?” शेवटी अठ्ठ्याऐंशी साली हार मानून त्यानंही व्हीएचएस घेतली. बीटा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. विकली नाही. कोणी घेतही नव्हतं, ते सोडा.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी मोहगावचा भिवाजी दुकानात आला. चार झाडं संत्र्याची बाळगणारा साधा शेतकरी. त्याच्या पुतणीच्या लग्नाची शूटिंग श्रावणनंच केली होती, त्यामुळे ओळख होती. भिवाजीची बायको शकुबाई गेल्या वर्षी वारली, हेही श्रावणच्या कानावर होतं. भिवाजीनं पिशवीतून त्याच लग्नाची कॅसेट काढली.

“परवा तिचं वर्षश्राद्ध हाय. पोरानं सौसरवरून भाड्याची मशीन आणली, म्हटलं सोयऱ्याधायऱ्यांना त्याची आई दाखवू. तं हे तिच्या तोंडातच जात नाई.”

“जाईन कशी? हे बीटाचं बिऱ्हाड, ते व्हीएचएसचं. याचं सामान त्याच्या घरी चालत नाई.”

“मंग मोठ्या कॅसेटात उतरवून द्या,” भिवाजी म्हणाला. “तिचा फोटो नाई आमच्याजवळ. एकबी नाई. जे हाय ते इतलंच.”

श्रावणनं फळीवरून बीटा उतरवली, दोन्ही मशीनी वायरीनं जोडल्या आणि कॅसेट डब्यातून बाहेर काढली. बोटं लाल झाली.

“हे काय हो?”

“कुंकू हाय,” भिवाजी म्हणाला. “देवघरात ठेवली होती. अहेव गेली ना ते. रोज हळदकुंकू वाहत होतो.”

श्रावणचं डोकंच फिरलं. “अहो, मशीनची चीज हाय ते. तिची काय पूजा करता?” बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. ज्याच्याजवळ फोटो नाही, त्या माणसानं कुंकू वाहावं तरी कुठं?

त्यानं कॅसेट खोलली, दाढीच्या ब्रशानं झटकली, पुसली आणि मशीनमध्ये घातली. मांडव दिसला. बॅण्डवाले दिसले. तेच जुनं साफ चित्र पाहून श्रावणची छाती जरा फुगली, आणि तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. त्यानं मशीन खोलून हेड स्पिरिटनं पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा मुंग्या. कुंकू फितीच्या वेटोळ्यांत शिरलं होतं. चित्र वाचणारं हेड नाजूक, ते लगेच भरून यायचं. आवाजाची पट्टी मात्र फितीच्या कडेला वेगळी आणि तिचं हेडही वेगळं. म्हणून चित्र गेलं तरी बॅण्ड आपला वाजतच होता.

“पंगतीत हाय ते,” भिवाजी म्हणाला. “हिरवं लुगडं नेसलेली.”

पंगत आली असावी, कारण ताटांचा खणखणाट सुरू झाला. दिसत काहीच नव्हतं. मग मुंग्यांमधून एका बाईचा आवाज आला. कोणाला तरी वरण वाढायला सांगत होती. भिवाजी खुर्चीवरून उठून उभा राहिला.

श्रावणनं मशीन थांबवली. जितक्या वेळा चालवू तितकी फीत घासणार, मग आवाजही जाईल, हे त्याला कळत होतं. आयुष्यभर ज्यानं चित्राची टिमकी वाजवली, त्याला आज सांगावं लागलं, “भिवाजीभाऊ, चित्र नाई येत. माफ करा.”

भिवाजी कॅसेटीचा रिकामा डबा हातात धरून बसला. श्रावणला ते पाहवेना.

“घरी टेप हाय का?” त्यानं विचारलं.

“हाय ना. रेडिओसंगचा.”

टेपच्या कॅसेटीला हे भांडण माहीत नाही. पांढुर्ण्याची कॅसेट मोहगावात वाजते, कोणाच्याही टेपमध्ये वाजते. श्रावणनं घरातून आपला टेप आणला, कोरी कॅसेट घालून टीव्हीच्या पुढ्यात ठेवला, बीटा थोडी मागं घेऊन चालू केली, टेपची दोन बटणं एकदम दाबली आणि ओठांवर बोट ठेवून भिवाजीला गप्प राहायची खूण केली. दुकानात जो आवाज होईल तो सगळाच त्यात जाणार होता.

ताटं वाजली. कोणी बुंदी मागितली. मग शकुबाई अगदी जवळून बोलली, “काहो, इकडं पाहा ना. पंगती उठून राहिल्या अन् तुमी भुकेच फिरून राहिले. जेवले का नाई?”

“जेवलो वं,” दुकानात उभा भिवाजी म्हणाला. “तू जेव आता.”

पुढे बॅण्डनं सगळं बुडवून टाकलं. श्रावणनं बटण दाबून टेप थांबवला.

“तुमचा आवाज गेला त्याच्यात,” तो हळूच म्हणाला. “मागं घेतो. फीत अजून एक खेप टिकते. पुन्हा भरू.”

भिवाजीनं टेपवर हात ठेवला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “लग्नात मी तिले जवाबच देल्ला नव्हता.”