छातीशी उशी

स्कूटरवरून पडून माझ्या धाकट्या भावाच्या बरगड्या मोडल्या. "प्लास्टर कधी घालणार?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "मग तो श्वास कसा घेणार?" त्या म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरच्या काकांची छाती श्वास घेताना आत खचायची, म्हणून ऑपरेशन करून बरगड्यांवर धातूच्या पट्ट्या बसवल्या. भावाच्या बरगड्या आपोआप जुळतील म्हणे. मोडका हात आपण गळ्यात बांधून ठेवतो. हे हाड दिवसरात्र हलता हलता जुळतं तरी कसं, याचंच मला नवल वाटतं.

खोकताना, हसताना छातीशी उशी दाबायची, असं नर्सनं शिकवलंय. आज त्याचा गप्पिष्ट मित्र दारात दिसला. भावानं आधी उशी कवटाळली, मग म्हणाला, "हं, बोल आता."