भिंतीतली मराठी चिठ्ठी

कोटाच्या खिशात पेन्सिलीचं थोटूक सापडलं आणि जेरुसलेम आठवलं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून मी, बायको आणि पुण्याहून आलेली आई असे तिघं गेलो होतो. बायकोच्या बायॉप्सीचा रिपोर्ट यायचा होता. अजान आणि चर्चची घंटा एकदमच ऐकू येत होती. ज्यूंच्या पवित्र भिंतीच्या फटीत ठेवायच्या चिठ्ठीवर आईने याच पेन्सिलीने सुनेचं नाव, गोत्र लिहिलं. मी पोस्टकोडही घालायला लावला. मग ती थबकली. "इथल्या देवाला मराठी कळेल का रे?" शेजारी उभ्या असलेल्या एक म्हाताऱ्या बाई खुदकन हसल्या. "न कळायला काय झालं, बाई! आम्ही अलिबागचे ज्यू. चाळीस वर्षं मी त्याच्याशी मराठीतच भांडतेय." दोघी हात धरून भिंतीच्या बायकांसाठी राखलेल्या बाजूला गेल्या. आमचा रिपोर्ट चांगला आला. त्या बाई कशासाठी भांडत होत्या, ते मात्र आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.