मामाची फाइल

परवा रक्त तपासायला देताना हातावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि मळवलीतली एक दुपार आठवली. मामा तिथे एका बंगल्याची राखण करायचा. तिशी ओलांडली तरी त्याचे गाल गुळगुळीत आणि आवाज मुलासारखा होता. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली आणि वर्षभरात त्याला दाढी फुटली. "दाढी आली, आता सुया बास," म्हणत त्याने फाइल माझ्यापुढे सरकवली. "तू इंग्लिश शाळंची, बघ कदी संपत्यात." मी वाचलं आणि खालमानेने सांगितलं, की आजार जन्मापासूनचा आहे, इंजेक्शनं आयुष्यभर घ्यायची, आणि त्याच आजारामुळे मामाला कधीच कसला वास आलेला नाही. शेजारी चहा पीत बसलेल्या आईने कप खाली ठेवला. लहानपणी भात करपू दिला म्हणून तिने त्याच्या पायाला चटका दिला होता. "बोलला का न्हाईस रं?" तिने विचारलं. "आक्का, मला वाटायचं, वास येतो असं समदे नुसतं म्हंत्यात." त्यानंतर त्याचं एकही इंजेक्शन आईने चुकू दिलेलं नाही. चटक्याचा विषय मात्र ती काढत नाही, आणि मीही विचारत नाही.