जमालुद्दीनच्या मापाची नाव

जमालुद्दीनला एका जागी बसलेलं सनद भागातल्या सुतारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. चहा तो उभ्यानेच घ्यायचा. जेवताना चार घास झाले की उठून दारापर्यंत जाऊन यायचा. हाताखालची माणसं हसायची. "फोरमनच्या पायाला भिंगरी लागलीय," म्हणायची. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून येऊन त्याला बहरीनमध्ये बारा वर्षं झाली होती. आयुष्य दारं नि किचनची कपाटं बसवण्यात चाललं होतं. वडील होड्या बांधायचे, हे इथे कुणाला ठाऊकही नव्हतं.

शहाण्णवच्या थंडीत एक डॅनिश इंजिनीयर हातात आराखडा घेऊन आला. त्याला ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांची असते तशी कयाक, एकट्याने वल्हवायची चिंचोळी नाव, हवी होती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कॅनव्हास, आणि मधोमध माणूस कमरेपर्यंत आत सरकेल एवढंच भोक.

"यात नुसतं बसायचं नसतं, ही अंगात घालायची असते," साहेबाने समजावलं. कमरेला दोन्हीकडून ठोकळे, मांड्यांवर आडवी कमान, पावलांना फळी. माणूस कलला की नाव कलायला हवी. मापं इंचात नव्हतीच. मूठ, वीत, वाव. जमालुद्दीनचे वडील असंच मोजायचे. तो इरेला पेटला. पण काम संपत आलं आणि साहेबाची बदली झाली.

"तूच ठेव," जाताना साहेब म्हणाला. "फक्त बैठक स्वतःच्या मापाची कर. माझ्या मापात तू टिकणार नाहीस."

जमालुद्दीनने कमान उतरवून दुसरी घडवली. ठोकळे तासले, गुनिया लावून काटकोन पाहिला. दोन्ही बाजू केसभरही कमीजास्त नव्हत्या. शुक्रवारी टेम्पोत घालून नाव तुबलीच्या खाडीवर नेली. बसला, दोनदा वल्हं मारलं आणि नाव डावीकडे कलंडली. पाणी कमरेइतकंच होतं, म्हणून निभावलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याला वाटलं, सांगाड्यातच खोट आहे. कॅनव्हास उसवून त्याने एकेक फासळी तपासली. सगळं सुतात होतं. तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा पाण्यात. आता तो घरात आदळआपट करू लागला.

"या वेळी मी येते," त्याची बायको हमीदा म्हणाली. दोन वर्षांपूर्वी ती इथे आली होती. हूरा भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती बायकांचे कपडे शिवायची.

ती तिवरांजवळ उभी राहून बघत राहिली. तो कलंडला, उठला, पाणी झटकत काठावर आला.

"अहो, नाव सरळ आहे," ती म्हणाली. "तुम्हीच डावीकडे झुकून बसता."

"मी? मी सुतार आहे, हमीदा. मला सरळ कळतं."

"मग या ओल्या वाळूत बसा. आतमध्ये बसता तसेच. पाय लांब करून."

तो कुरकुरत बसला. अर्धं मिनिट झालं नसेल, चुळबुळ सुरू झाली.

"हलू नका! माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायका तुमच्यापेक्षा बऱ्या."

तो उठल्यावर दोघांनी ठसा पाहिला. डावीकडे खोल खळगा. उजवीकडे वाळू जेमतेम दबलेली. हमीदाने उजवीकडे बोट ठेवलं.

"उजवीकडे काय झालंय?"

"काही नाही."

"जुनैदच्या बापा, मी विचारतेय."

लेकाचं नाव घेऊन ती बोलली की तिला टाळता यायचं नाही. त्याने सांगून टाकलं. चार वर्षांपूर्वी तो एका इमारतीच्या परांचीवरून बुडावर आपटला होता. तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. डॉक्टरला दाखवलं नाही. कंपनीला कळलं तर व्हिसा खलास करून घरी पाठवतील, ही धास्ती. गावी पत्र लिहिलं, तब्येत ठणठणीत आहे. तेव्हापासून टेकलं की हाडात कळ यायची, म्हणून तो टेकतच नसे.

 हमीदाने पिशवीतून टेप काढली. त्याला पुन्हा बसवून तिने दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापल्या, खडूने पँटवर खुणा केल्या. "माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात. मी कुणाचे खांदे सारखे धरून कापत नाही. तुम्ही स्वतःला दार समजलात काय?"

आठवडाभर त्याचं मन मानेना. मुद्दाम वाकडं काम हातून होईना. दोनदा त्याने ठोकळे सारखे केले, दोनदा तिने काढायला लावले. अखेर उजवीकडे दुखऱ्या हाडाखाली बैठक पोखरली, डावा ठोकळा दोन बोटं जाड केला, उजव्या मांडीवरची कमान खाली आणली. तिने फोम नि जुनं कांबळं शिवून गादी केली. शुक्रवारी नाव सरळ राहिली. तो तासभर पाण्यावर होता. कळ आली नाही.

काठावर येताच हमीदा म्हणाली, "आता सलमानिया हॉस्पिटल."

एक्स-रे निघाला. हाड मोडून वाकडं जुळलं होतं. आता फार काही करण्यासारखं नाही, उंचावर चढू नका, असं लिहून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी खिशात घेऊन तो पंधरा दिवस मॅनेजरच्या दारासमोरून येरझारा घालत राहिला. शेवटी आत गेला. मॅनेजरने वाचली, साईटच्या कामातून त्याचं नाव काढलं, सुतारखान्यातलं तसंच ठेवलं, आणि वाजणारा फोन उचलला. बस्स, एवढंच.

त्या शुक्रवारी त्याने खाडीवर आल्याआल्या नाव पाण्यात लोटली. चार वर्षं कळ लपवली! नुसती चिठ्ठी द्यायची होती! तो दात-ओठ खात वल्हवत सुटला. ओहोटी लागल्याचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. परत फिरला तेव्हा नावेखाली चिखल लागला होता. हमीदा काठावरून हात हलवत ओरडत होती, "उतरा, पुरे झालं बसणं, उतरा आता!" तो उतरला आणि गुडघाभर गाळातून नाव ओढत निघाला.