झाडात दोनदा आलेले आजोबा

मंडळी, आज दुपारी नातीनं आमच्या घराण्याचं झाड काढलं. त्यात माझे आजोबा दोनदा आले. मी मामाच्या मुलीशी लग्न केलंय, त्यामुळं माझ्या आईचे वडील तेच बायकोचे आजोबा.

"माणूस एकच हाय की, दोनदा कशाला?" बायको म्हणाली.

मी एकदम ऐंशीच्या दशकातल्या कोल्हापुरात, कॉलेजच्या वर्गात जाऊन बसलो. सर सांगत होते, कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये तेच गणित दोनदा आलं तर एकदाच ठेवा आणि त्याच्याकडं दोन बाण काढा. एकदा सुटलं की उत्तर दोन्हीकडं पोचतं. मला बाणांच्या टोकाशी राधानगरीच्या सोप्यात पान जमवणारे आजोबाच दिसत होते.

नातीला म्हटलं, "एक नाव पूस."

"कुठलं? तुमच्याकडचं की आजीकडचं?"

तुम्ही कुठलं पुसलं असतं?